पाटीवर काय, वहीत काय : घरच्या धंद्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मसाला कांडपाचा धंदा आहे. चार डंक आहेत, दिवसाला साधारण ८० किलो कुटून निघतं. उन्हाळ्यात लोक आपापल्या मिरच्या घेऊन येतात, त्यांचं मजुरीवर कुटून देतो. वर्षभर स्वतःचा कांदा-लसूण मसाला विकतो. शिवाय हळद, गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाणा चटणी धरून चौदा प्रकार आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, पल्व्हरायझर आणि पॅकिंग मशीन घेऊन सुपरमार्केटात उतरू. वडील म्हणतात, डंक सोडायचा नाही. दोघांचंही म्हणणं पटतं. आमच्या धंद्याची ओळख नेमकी काय, आणि ती ठरवायची कशी?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : वाद मशीनवरून सुरू झाला असला, तरी आधी गिऱ्हाईक कोणतं ते ठरवायला हवं. डंकाखाली मिरची ठोके खात हळूहळू बारीक होते, फारशी तापत नाही. पल्व्हरायझरमध्ये हातोड्या वेगाने फिरतात, बाहेर येणारी पूड हाताला गरम लागते आणि त्या उष्णतेत वासाचं तेल उडून जातं. हा फरक जिभेला कळणारं गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं. सुपरमार्केटात फळीसमोर उभं असलेलं गिऱ्हाईक पाकिटावरची किंमत आणि ओळखीचं नाव बघतं. एकच धंदा दोघांनाही पुरा पडेल असं सहसा होत नाही.

आता वहीकडे या. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि चौदाही प्रकारांना एकेक ओळ द्या. ओळीत पाच आकडे हवेत : किती किलो विकलं, किती रुपये आले, कच्चा माल किती, मजुरी-वीज-पॅकिंग किती, हातात काय राहिलं. घरच्या माणसांची मजुरीही धरा. ती सोडून दिली की प्रत्येक प्रकार नफ्यात दिसतो, आणि बहुतेक घरांचा हिशेब तिथेच फसतो. तक्ता पुरा झाला की चौदापैकी तीन-चार ओळी बाकीच्या दहांना पोसताना दिसतील. उरलेल्या दहांतला एखादा प्रकार केवळ जुन्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ठेवायला हरकत नाही, पण तो जाणूनबुजून ठेवा.

भावाचा प्रस्तावही कागदावर मांडा. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ, कर बाजूला ठेवून. दुकानातून मसाला ६०० रुपये किलोने जातो. कच्चा माल ३४०, मजुरी-वीज ६०, पॅकिंग २०, म्हणजे खर्च ४२०. हातात राहिले १८०. तोच मसाला दुकानदारामार्फत विकला, तर त्याला १५ टक्के म्हणजे ९० रुपये, वितरकाला ४० आणि वाहतुकीला १० जातील. तुम्हाला मिळतील ४६०, उरतील ४०. आज जेवढं सुटतं तेवढंच सुटायला साडेचार पट माल विकावा लागेल.

उधारी याहून जड जाते. महिन्याला १,००० किलो माल बाजारात गेला आणि पैसे ४५ दिवसांनी आले, तर सुमारे सात लाख रुपये सतत बाहेर अडकलेले राहतात. मिरचीची खरेदी मात्र हंगामात एकदाच आणि रोखीने होते. किलोभर मसाल्याला ४०० ग्रॅम मिरची धरली तर वर्षाला ४,८०० किलो लागेल. २५० रुपये भावाने ते १२ लाख झाले, शिवाय शीतगृहाचं भाडं. म्हणजे मशीनचा रुपयाही न धरता एकोणीस लाखांची सोय आधी हवी. भावाला हा हिशेब स्वतःच्या हाताने, तुमच्या खऱ्या आकड्यांवर करू द्या. तो भागला आणि रक्कम उभी राहत असली, तर त्याचं म्हणणं नक्की ऐका.

वडिलांची बाजूही तशीच तपासा, कारण डंकालाही मर्यादा आहे. मार्च ते मे तीन महिने, महिन्याला २६ दिवस, रोज ८० किलो : एकूण ६,२४० किलो. यातलं बहुतेक मजुरीच्या कांडपात जातं आणि तुमचा स्वतःचा मसाला ऐन मागणीत संपतो, हा तुमच्यासारख्या डंकांचा नेहमीचा अनुभव. मजुरीला किलोमागे ५० रुपये मिळत असतील आणि स्वतःच्या मसाल्यात १८० सुटत असतील, तर गर्दीच्या दिवसांत रांगेतलं प्रत्येक किलो तुम्हाला १३० रुपयांना पडतं. तरी कांडप बंद करू नका. मिरच्या घेऊन आलेली बाई तास-दोन तास तिथे बसते, वास घेते, आणि पुढच्या वर्षी वेळ मिळाला नाही की तुमचंच पाकीट नेते. आठवड्यातले चार दिवस कांडपाला, तेही आदल्या दिवशी नंबर लावून, आणि दोन दिवस स्वतःच्या मालाला, एवढी विभागणी पुरते.

उन्हाळ्यातच वर्षाचा मसाला कुटून ठेवण्याचा मोह होईल. तसं करू नका. भाजलेलं खोबरं आणि तळलेला कांदा-लसूण त्यात असतो, महिने गेले की मसाला खवट होतो आणि परत आलेलं एक पाकीट दहा गिऱ्हाइकं तोडतं. वर्षाची मिरची देठ काढून, कडक वाळवून साठवा आणि मसाला महिन्याच्या महिन्याला कुटा.

ओळख नेमकी इथे सापडते. 'डंकावर, महिन्याच्या महिन्याला ताजा कुटलेला कांदा-लसूण मसाला' हे वाक्य घ्या. पॅक केल्याचा महिना नियमाने छापावा लागतोच, त्याच्या शेजारी कुटल्याची तारीख ठळक अक्षरांत छापा. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हे प्रमाण ठरवून टाका आणि मिरचीचा भाव वाढला म्हणून बदलू नका. वाक्य खरं आहे का, हे एका प्रश्नाने कळतं : त्यापायी तुम्ही कशाला नाही म्हणता? तीन महिने जुना माल विकायला, भाव चढला म्हणून मिरची बदलायला, दुसऱ्याच्या ब्रँडसाठी पावडर दळून द्यायला नाही म्हणता येत असेल, तर ती तुमची ओळख. येत नसेल, तर नुसती पाटी.

पक्कं करण्याआधी वीस नेहमीच्या गिऱ्हाइकांना तीन गोष्टी विचारा : आमच्याकडून काय नेता, ते दुसरीकडून का नेत नाही, आणि आमच्याकडून काय कधीच नेत नाही? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पाकिटावरचं वाक्य पुष्कळदा तिथेच तयार मिळतं.

प्रश्न : आजोबांनी १९७० मध्ये आमच्या आडनावाने मिठाईचं दुकान काढलं. पुढे वाटणी झाली, दुकान आमच्या वडिलांकडे आलं. आता चुलतभाऊ बायपासवर त्याच आडनावाने दुकान काढतोय, पाटीवर 'स्थापना १९७०' लिहिणार म्हणतो. आम्ही 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावली आहे. नाव फक्त आमचं राहील असं करता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी वाटणीपत्र काढून वाचा. जागा, भांडी, फर्निचर, येणं-देणं सगळं लिहिलेलं असतं, फक्त दुकानाचं नाव आणि नावलौकिक कोणाकडे गेला हे राहून जातं. तुमच्या पत्रात तो उल्लेख असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नसेल, तर भांडण लांबेल.

दुकानाच्या नावाची ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केलेली नसेल तर या महिन्यात करा. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. अर्ज ऑनलाइन होतो, आणि एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम (केंद्र सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) असलेल्या लघुउद्योगाला मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. मिठाई, फरसाण, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. श्रीखंड, तूप आणि लोणची वर्ग २९ मध्ये. मिठाईवाल्याला बहुधा दोन्ही लागतात आणि लोक एकच घेऊन थांबतात. अर्जाआधी ट्रेडमार्क विभागाच्या संकेतस्थळावर तेच आणि तसं ऐकू येणारं नाव कोणी घेतलंय का, ते शोधा. ट्रेडमार्क विभागाच्या जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झालं की चार महिने कोणालाही हरकत घेता येते, आणि चुलतभाऊ घेऊ शकतो हे धरून चाला. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. 'शुद्ध', 'गावरान' अशा वर्णनाच्या शब्दांवर एकट्याने हक्क मिळत नाही.

१९७० पासूनचा वापर सांगायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. जुनी बिलबुकं, दुकानाचा परवाना, खोक्यांचे नमुने, पाटीसकटचे फोटो गोळा करा. दिवाळी अंकात कधी जाहिरात दिली असेल तर तो अंक शोधाच. त्यावर साल छापलेलं असतं, आणि इतका नि:संशय कागद दुसरा मिळणं कठीण.

एवढं करूनही एक अडचण राहते. कायद्याच्या कलम ३५ नुसार माणसाने स्वतःचं नाव प्रामाणिकपणे व्यवसायाला वापरलं, तर ते सहसा अडवता येत नाही. चुलतभावाचंही आडनाव तेच. म्हणून हक्क लढवण्याआधी नाव वाटून घेण्याचा करार करून बघा. आडनाव दोघांचं, तुमच्या पाटीवर आडनावापुढे आजोबांचं नाव, त्याच्या पाटीवर त्याचं. अक्षरांची घडण, खोक्याचा रंग, पाटीची पार्श्वभूमी वेगळी. 'स्थापना १९७०' फक्त मूळ जागेवरच्या दुकानाला. कोणी कुठल्या गावात शाखा काढायची, आणि एकाच्या मालाची तक्रार आली तर दुसऱ्याने काय सांगायचं, हेही लिहा. मुद्रांकावर करा, दोन साक्षीदार घ्या, वकिलाकडून तपासून घ्या. सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेल्या गाडगीळांच्या सराफी पेढीच्या वारसांच्या आज वेगवेगळ्या कंपन्या आहेत, आडनाव सामाईक आणि नावचिन्हं वेगळी. पुण्यात त्या एकाच वेळी चालतात.

तुमची सध्याची पाटी राहू द्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. नवं गिऱ्हाईक रस्ता मोबाइलवर शोधतं. नकाशावरची नोंद, तिथला फोन नंबर आणि फोटो आजच आपल्या ताब्यात घ्या.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर कारखान्यांचे भाग मजुरीने कातून देण्याचं, जॉबवर्क आहे. तीन मशीन, दोन पाळ्या. सत्तर टक्के काम एकाच कारखान्याचं. दरवर्षी आम्ही भाऊ ठरवतो की यंदा वीस टक्के वाढ, पण वर्षअखेर हातात काहीच राहत नाही. नियोजन म्हणजे आणखी काय करायचं असतं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वीस टक्के कशात वाढवायचे, हे ठरलेलं दिसत नाही. तोट्याच्या दरात वीस टक्के जास्त काम घेतलं तर तोटा वाढतो. तेव्हा आधी तासाचा दर काढा.

आठ तासांच्या दोन पाळ्या, २६ दिवस, म्हणजे मशीनमागे ४१६ तास. हे कागदावरचे तास. सेटिंग, टूल बदलणं, वीज जाणं, ऑपरेटर न येणं, कास्टिंग (कातायचा ओतीव भाग) उशिरा पोचणं हे वजा करा. अंदाजाने करू नका. मशीनपाशी फळा लावा आणि महिनाभर प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण लिहा. समजा ६५ टक्के तास खरे निघाले, तर मशीनला २७० आणि तिघांना मिळून ८१० तास. आता महिन्याचा खर्च : भावांच्या पगारासह पगार १,६०,०००, हप्ते ६०,०००, वीज ४०,०००, इन्सर्ट-कूलंट-दुरुस्ती ३५,०००, भाडं आणि इतर २९,०००. बेरीज ३,२४,०००. भागिले ८१०, म्हणजे तासाला ४०० रुपये. हाच खर्च १,२४८ कागदी तासांनी भागला तर २६० येतात. २६० धरून ३०० चा दर देणाऱ्याला वाटतं ४० सुटले. प्रत्यक्षात तासामागे १०० रुपये खिशातून जातात, आणि जितकं काम जास्त तितकं ते लक्षात यायला उशीर लागतो.

यातून यंदाचं खरं उद्दिष्ट दिसतं : ६५ टक्क्यांचे ७५ टक्के करणं. तास ९३६ होतील आणि बाकी खर्च जवळपास तोच राहिला तर दर ३४६ वर येईल. त्यासाठी नवं मशीन लागत नाही. सारख्या मापाचे नग एकापाठोपाठ लावले, पुढच्या कामाचे जॉ (नग पकडणारे जबडे) आणि टूल आधीच तयार ठेवले, की सेटिंगचा वेळ उतरतो.

सत्तर टक्क्यांच्या कारखान्याचं काम कमी करू नका. बाकीच्यांचं वाढवून त्याचा वाटा दोन वर्षांत पन्नासवर आणा. नवं काम शक्यतो दुसऱ्या क्षेत्रातून घ्या. आज वाहन उद्योगाचे भाग करत असाल तर पंप किंवा शेतीअवजारांकडे बघा, म्हणजे एका बाजाराला मंदी आली तरी तिन्ही मशीन एकदम थांबणार नाहीत.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मुदत टाळून वर्षअखेरपर्यंतही पैसे न देणाऱ्याला आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की त्यांचेच अकाउंटंट तुमचा उद्यम क्रमांक विचारतील. तो प्रत्येक बिलावर छापा. मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रारीपर्यंत जाणं शेवटी ठेवा, आधी हा नियम दाखवून बोला.

पुढे दर तीन महिन्यांनी दीड तास बसा, शॉपमध्ये नको, फोन बाजूला ठेवून. तीनच आकडे : खरे तास, सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा, वसुलीला लागणारे दिवस. आकडा का हलला, आणि पुढच्या तिमाहीत कोणता भाऊ काय करणार, हे लिहून दोघांनी सही करा.

प्रश्न : आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. एक सल्लागार मिशन, व्हिजन आणि लोगो मिळून पन्नास हजार सांगतात. घ्यावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ता नको. तुमच्याकडे वायरमन का येतात ते आधी शोधा : उधारी मिळते म्हणून, सकाळी लवकर उघडता म्हणून, की खराब निघालेला माल कटकट न करता बदलून देता म्हणून? जे खरं असेल ते बिलाच्या तळाशी एका ओळीत छापा. पाटी नवी करणार असाल तर लक्षात ठेवा : महाराष्ट्रात ती मराठीत, देवनागरी लिपीत हवी, दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. चांगला पाटी रंगवणारा आणि सुवाच्य अक्षरं, एवढ्याने तुमचं काम होईल.

प्रश्न : सासऱ्यांची बेकरी आहे, वय ६८. हिशेब, ऑर्डरी, इन्स्टाग्राम मी सांभाळते, भट्टी नवरा बघतो. पगार कोणालाच नाही, लागतील तसे गल्ल्यातून घेतो. सगळं बाबांच्या डोक्यात आहे. पुढचं नियोजन करू म्हटलं तर त्यांना वाटतं, आम्ही त्यांना बाजूला सारतोय. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्यांच्या हातच्या प्रमाणांपासून सुरुवात करा. खारी, टोस्ट, नानकटाई ते अंदाजाने घालतात. रोज एक पदार्थ, तेही करत असताना, काट्यावर मोजून लिहून घ्या. मैदा १०० धरायचा आणि तूप, साखर, मीठ, यीस्ट, पाणी त्याच्या टक्क्यांत, म्हणजे पाच किलोचा घाणा असो की वीसचा, चव तीच येते. पावसाळ्यात पाणी किती कमी करतात, भट्टी कशी ओळखतात, तेही विचारा. वहीवर त्यांचं नाव घाला. ही त्यांची विद्या आहे आणि ती जपायची आहे, हे त्यांना दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

मग वर्षाचं कॅलेंडर करा : शिमगा, मे महिना, गणपती. चाकरमानी गावी येतात तेव्हा रोज किती नग गेले, किती कमी पडले, किती शिळे राहिले, हे मागच्या वर्षाच्या बिलांवरून लिहा. यात बाबांची आठवण तुमच्या तक्त्याइतकीच उपयोगी पडेल.

पगाराचा नियम सरळ आहे : तेच काम बाहेरच्या माणसाला दिलं तर जेवढं द्यावं लागेल तेवढा, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, बँकेतून. गल्ल्यातून घेणं बंद. पहिले दोन महिने धंदा एकदम तोट्यात गेल्यासारखा दिसेल. घाबरू नका. पूर्वी घरच्यांची मेहनत फुकट धरल्यामुळे तो नफ्यात दिसत होता. पावाचा आणि खारीचा दर मग नव्याने बसवावा लागेल.

मालकी मात्र लवकर बघा. आज सगळं बाबांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर त्यांच्या पश्चात जीएसटी क्रमांक, अन्न परवाना, चालू खातं सगळं अडकतं, आणि भट्टी रोज पेटवायची असते. भागीदारी करा, पण तिघांची : बाबा, तुमचे पती आणि तुम्ही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते, आणि दोघेच असतील तर लिहूनही उपयोग नाही, कारण मागे एकटा माणूस उरतो. मृत्यूनंतर फर्म चालू राहील हे कलम घाला. बाबा हयात असेपर्यंत त्यांचा वाटा किती, भट्टीबद्दल अंतिम शब्द कोणाचा, तुमचं मानधन किती, हे लिहा. भागीदारांचं मानधन करारात नसेल तर आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. फर्मची नोंदणी रजिस्ट्रारकडे करा, नाहीतर बुडव्या हॉटेलवाल्यावर फर्मच्या नावाने दावा लावता येणार नाही. फर्मचा पॅन, जीएसटी क्रमांक आणि अन्न परवाना नवे लागतील. जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेलं कराचं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्यावर नेता येतं, पण जुना क्रमांक रद्द करायच्या आधी. बाबांच्या नावावर कर्ज असेल, तर करारावर सह्या होण्यापूर्वी बँकेत जाऊन या.